घरचंच समजा!



दिवाळीनंतरच्या मंडया आटोपल्या, दंडारी-नाटकांना आलेले पाहुणे आपापल्या गावी परतले, आणि मग कुठे तुमच्या पत्रांचा गठ्ठा सोडायला मला सवड मिळाली. या खेपेला गंमत अशी, की लोणच्याला बुरशी का येते आणि पितळेची घागर काळी का पडते या नेहमीच्या प्रश्नांपेक्षा नोकरीबद्दलचीच पत्रं जास्त निघाली. त्यांत दोन प्रश्न पुन्हा पुन्हा आले. पहिला असा : "मी रोज तीन तास शाळेत शिकवते. याला नोकरी म्हणायचं की नुसता विरंगुळा? यातून पुढे काही होणार आहे का?" दुसरा असा : "कामाच्या जागी मी सगळ्यांशी गोड वागते, कुणाला नाही म्हणत नाही. तरी मागे राहते ती मीच. असं का?"

मला विचाराल तर हे दोन प्रश्न नाहीतच. एकच प्रश्न आहे, आणि आज त्याच्याबद्दलच बोलू या.

आधी आपण कोण आहोत ते पाहू. तुमसर, पवनी, साकोली, लाखनी किंवा आमचं भंडारा. अशा गावांतून लग्नानंतर, मुलं जरा हाताशी आल्यावर, आपण घराबाहेर पडलेल्या. कुणी तासांवर शिकवते, कुणी पतसंस्थेत खाती लिहिते, कुणी दवाखान्यात केसपेपर काढते, कुणी अंगणवाडीत, कुणी बचत गटाचे हिशेब ठेवते. बी. ए. झालेल्या पुष्कळ, बी. कॉम. झालेल्याही. पण कुणी विचारलं, "काय करता?" तर उत्तर काय येतं? "काही नाही हो, घरीच असते. थोडा वेळ शाळेत जाते." पाहिलंत? नोकरी आपणच आधी 'थोडा वेळ' करून टाकतो. मग बढती, पगारवाढ, पुढची पायरी हे शब्द तोंडात यायचे कसे?

आता कामाच्या जागेकडे वळू. आपल्याकडे कामाच्या जागी नातं लावल्याशिवाय कुणाला चैन पडत नाही. मोठ्या त्या ताई, बरोबरीचे ते भाऊ, शिपाईबाई त्या मावशी. मला हे मनापासून आवडतं. माझ्या धाकट्याला ताप भरला त्या दिवशी शेजारच्या वर्गावरच्या ताईंनी न विचारता माझे दोन तास घेतले. मावशींनी ऑफिसातून फोन करून औषध विचारलं. शहरातल्या मोठ्या कचेऱ्यांत हे सुख मिळत असेल की नाही, कुणास ठाऊक.

पण याच गोडव्याला एक दुसरं टोक आहे. त्याचं नाव 'घरचंच समजा'. रविवारी शाळेची साफसफाई आहे, याल ना? घरचंच समजा. स्नेहसंमेलनाचा नाच तुम्हीच बसवा, तुमचं छान असतं. गेल्या महिन्याचे पैसे जरा पुढच्या महिन्यात घ्या, घरचंच समजा. आणि घरच्या माणसाकडे कोण हिशेब मागतं? घरात आपण कधी मागितलाय? वाढताना शेवटची पोळी आपल्या ताटात आली तर आली. तीच सवय आपण पर्समध्ये घालून कामावर नेतो, आणि समोरच्यांना ती आयती सापडते.

'मानधन' या शब्दाचंच पाहा ना. त्यात मान आधी येतो आणि धन मागून. पुष्कळदा पहिल्यावरच भागवलं जातं. अंगणवाडीच्या भगिनींना हे जास्त कळेल. ती योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली. तेव्हापासून त्या 'सेविका' आणि त्यांना मिळायचं ते 'मानधन'. पोषण आहार, वजनं, लसीकरणाच्या याद्या, शिवाय गावात जो काही सर्व्हे येईल तो. काम मात्र कधी अर्ध्या मापाचं नव्हतं. अखेर एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुजरातमधल्या एका खटल्यात निकाल दिला, की अंगणवाडी सेविका आणि मदतनीस ग्रॅच्युइटीला पात्र आहेत. सत्तेचाळीस वर्षांनी! आणि तेही कुणी आपण होऊन दिलं नाही, बायकांनी मागितलं म्हणून.

मागण्याची लाज वाटते, हे मला कळतं. पण ही लाज सगळ्या बायकांना वाटते असं मात्र समजू नका. पावसाळ्यात आपल्याच भागातली धानाची रोवणी पाहा. रोवणी करणाऱ्या बायकांची टोळी असते. एकमेकींना माय म्हणतील, बाई म्हणतील, एकीच्या डब्यातलं दुसरी खाईल, एखादी पोटुशी असेल तर तिच्या वाटची ओळ दोघी जणी ओढून नेतील. पण गुत्त्याने काम घेताना त्यांच्यातली जाणती बाई बांधावर उभी राहून आधी काय म्हणते? "पयले एकराचा भाव सांगा, मंग पाय टाकतो बांधीत." शेतकरी शेजारचा असो, नात्यातला असो, भाव आधी. भाव ठरला की मग दिवसभर चिखलात गाणी म्हणत, हसत-खिदळत काम. त्यांच्या नात्याला भाव ठरवल्यामुळे कधी तडा गेलेला मी पाहिला नाही. उलट भाव ठरवलेला नसेल तेव्हाच संध्याकाळी भांडण होतं. ज्या बाईने शाळेचं तोंड पाहिलं नाही तिला जे जमतं, ते आपण पदवीधर बायकांना जड का जावं?

आता माझाच एक अनुभव सांगते. गाव सांगत नाही, शाळेचं नावही सांगत नाही. लग्नानंतर काही वर्षांनी मी एका शाळेत तासांवर शिकवू लागले. नेमणूक तोंडी, पैसे पाकिटातून, आणि 'तुम्ही तर आमच्या घरच्याच' हे वाक्य दर आठवड्याला. चार वर्षं शिकवलं. इतिहास, मराठी, आणि कुणी रजेवर असलं की हातात येईल ते. मग दुसऱ्या गावी एक बरी जागा निघाली. त्यांना अनुभवाचा दाखला हवा होता. तो मागायला गेले, तर उत्तर मिळालं, "मॅडम, तुमची तशी नोंदच नव्हती. आणि घरच्या माणसांनी असे कागद मागायचे असतात का?"

त्या दिवशी डोळ्यांत पाणी आलं. घरी आल्यावर हे म्हणाले, "नोंद नाही म्हणतात, पण तू तपासलेल्या गुणपत्रिकांवर सह्या कुणाच्या आहेत?" मग मी रीतसर अर्ज लिहिला. कोणत्या वर्षी कोणता वर्ग, कोणता विषय, हे सगळं त्यात मांडलं आणि दुसऱ्या प्रतीवर पोच मागितली. तरी कागद हलेना. तो हलवला कुणी, माहीत आहे? तिथल्या कार्यालयातल्या एका वयस्क लिपिकांनी. त्यांच्या मुलीला मी दहावीच्या वेळी मराठीचे निबंध तपासून दिले होते. त्यांनी माळ्यावरची जुनी मस्टरं काढली, माझ्या सह्या असलेली पानं शोधली आणि साहेबांच्या पुढ्यात ठेवली. तीन महिन्यांनी दोन ओळींचा दाखला हातात पडला. चारऐवजी दोनच वर्षांचा. तोवर ती जागा भरून गेली होती.

हे सांगते आहे ते रडगाणं म्हणून नव्हे. त्यातून मला एक कळलं, ते तुम्हाला द्यायचं आहे. नुसतं नातं होतं तोवर माझ्या हाती काही नव्हतं. नुसता अर्ज केला तेव्हाही काही हललं नाही. अर्ज होता म्हणून त्या लिपिकांना बोट ठेवायला जागा मिळाली, आणि ते माणूस आपलं होतं म्हणून त्यांनी बोट ठेवलं. नातं आणि कागद, दोन्ही हवीत. एकाने दुसऱ्याचं काम होत नाही.

कामातलं नातं कसं असावं, याचा एक नमुना आपल्याच महाराष्ट्रात आहे : ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ. अंगणवाडीचं मूळ ज्यांच्या कामात आहे, त्या ह्या दोघी. ताराबाईंचा जन्म १८९२ चा, अनुताईंचा १९१० चा. वयात अठरा वर्षांचं अंतर. ताराबाई १९१४ च्या बी. ए., राजकोटला मुख्याध्यापिका राहिलेल्या, भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर बालशिक्षणाचं काम केलेल्या. अनुताई लहानपणीच विधवा झालेल्या. शिक्षिकेची नोकरी करता करता पुण्याला रात्रशाळेतून मॅट्रिक झालेल्या. १९४५ साली दोघी बोर्डीला एकत्र आल्या. पदवी, वय, अनुभव, नाव, सगळं एका बाजूला जास्त आणि दुसऱ्या बाजूला कमी.

आता अशा ठिकाणी आपल्याकडे काय होतं? मोठी ती सासू होते आणि धाकटी ती सून. या दोघींचं तसं झालं नाही. मुलं शाळेत येईनात, तेव्हा त्यांनी शाळाच वस्तीतल्या अंगणात नेली. पुढे कोसबादच्या टेकडीवर काम हललं. गुरं राखणारी मुलं शाळेत येऊ शकत नव्हती, म्हणून शाळा कुरणात भरवली. तिलाच कुरणशाळा म्हणतात. १९७३ साली ताराबाई गेल्या, तोवर अठ्ठावीस वर्षं दोघींनी एकच काम केलं. आणि त्या अठ्ठावीस वर्षांत मॅट्रिक असलेल्या अनुताईंनी पन्नाशी ओलांडल्यावर बी. ए. ची पदवी घेतली! ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण मिळालं, अनुताईंना १९८५ साली पद्मश्री. ताराबाईंच्या मागे अनुताईंनी ते काम १९९२ पर्यंत, म्हणजे स्वतःच्या अखेरीपर्यंत सांभाळलं.

मी यावर बराच विचार करते. त्या दोघी काही बहिणी-बहिणी नव्हत्या. त्यांच्यामध्ये एक तिसरी गोष्ट होती, ती म्हणजे काम. दोघींचे डोळे एकमेकींच्या ताटाकडे नव्हते, कामाकडे होते. म्हणून मोठीच्या सावलीत धाकटी खुरटली नाही. 'सहकारी' हा आपला शब्द किती नेमका आहे पाहा. बरोबर काम करणारी ती सहकारी. ती जाऊ नाही, नणंद नाही, आणि दर वेळी मैत्रीण असायलाच हवी असंही नाही.

"बायकांचं बायकांशी पटत नाही" असं पुरुष म्हणतात, आणि वाईट याचं वाटतं, की आपणही म्हणतो. अहो, खुर्ची एक आणि बसायला चौघी, अशा ठिकाणी पुरुषांचं तरी कुठे पटतं? फरक इतकाच, की त्यांच्या भांडणाला राजकारण म्हणतात आणि आपल्या भांडणाला नळावरचं भांडण.

आमच्या सध्याच्या शाळेतली गोष्ट सांगते. आमच्याकडे एक सव्वीस वर्षांची मॅडम कायम जागेवर आली. डी. एड. झालेली, टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, पास झालेली. वयाने माझ्या धाकट्या बहिणीपेक्षा लहान. पदाने माझ्या वर. पहिले काही दिवस स्टाफरूममध्ये जरा ओढाताणच होती. जुन्या बाई तिला 'पोरी' म्हणायच्या, तीही मुलांसमोर. तिचा चेहरा पडायचा. मी ठरवून तिला सगळ्यांसमोर 'मॅडम' म्हणू लागले. वयाचा मान तिने मला द्यावा, जागेचा मान मी तिला द्यावा. त्यात माझं काय कमी झालं? काहीच नाही. महिन्याभरात तिनेच मला पाठ टाचण काढायची नवी पद्धत शिकवली.

पुढे १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाचा तो निकाल आला, आणि आमची स्टाफरूम हादरली. पहिली ते आठवीला शिकवणाऱ्या, आधीपासून नोकरीत असलेल्या शिक्षकांनाही टीईटी पास होणं त्या निकालाने आवश्यक केलं. ज्यांची निवृत्तीला पाच वर्षांपेक्षा जास्त सेवा उरली आहे, त्यांना त्यासाठी दोन वर्षांची मुदत दिली. ज्यांची पाच वर्षांहून कमी उरली आहे त्यांना नोकरीत राहता येईल, पण टीईटीवाचून बढती नाही. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांचा प्रश्न तेवढा मोठ्या खंडपीठाकडे पाठवला. वीस-पंचवीस वर्षं मुलं घडवलेल्या बायका. घरी सुना आलेल्या. त्यांच्यापुढे एकदम दीडशे गुणांचा पेपर! एक बाई तर डबा न उघडताच बसून राहिल्या.

आणि मग जे झालं ते तुम्हाला मुद्दाम सांगायचं होतं. ज्या बाई तिला 'पोरी' म्हणायच्या, त्याच एक दिवस वही घेऊन त्या लहान मॅडमच्या टेबलाशी गेल्या. म्हणाल्या, "मॅडम, हे बालमानसशास्त्र मला सांगाल का?" तीस गुणांचा तो भाग, दोन्ही पेपरांत असतो. तेव्हापासून मधल्या सुट्टीत आमचा वर्ग भरू लागला. ती बालमानसशास्त्र सांगते, गणिताच्या बाई गणित सोडवून घेतात, आणि मराठीचं व्याकरण माझ्याकडे आहे. मी तर अर्धवेळ, माझं बी. एड. नाही म्हणून मला या परीक्षेला बसताच येत नाही. पण वाक्यपृथक्करण मला चांगलं येतं, तर ते मी का सांगू नये? खुल्या गटाला दीडशेपैकी नव्वद गुण लागतात, आरक्षित गटाला पंचावन्न टक्के. पास झाल्याचं प्रमाणपत्र आता आयुष्यभर चालतं, पूर्वीसारखं सात वर्षांनी बाद होत नाही. हे सगळं भिंतीवर एका कागदावर लिहून ठेवलंय. भीती सगळ्यांची होती म्हणून ती वाटून घेता आली. पदाची उतरंड आपोआप मोडली आणि कुणाचा मानही गेला नाही.

त्या वर्गाने माझ्याही मनात काही हललं. छत्तीस वर्षांच्या बी. ए. झालेल्या बाईला तासांवरून पुढे जायचं असेल तर बी. एड. वाचून वाट नाही. २०१५ पासून ते दोन वर्षांचं झालंय. दोन वर्षं रोजची हजेरी, फी, वर हातातले तासही जाणार. आणि ती दोन वर्षं संपली की टीईटी आहेच. घरी विषय काढला तेव्हा सासूबाई गप्प बसल्या. दोन दिवसांनी वरण फोडणीला टाकता टाकता म्हणाल्या, "सकाळचा स्वयंपाक मी पाहीन. पण भाकरी मला जमत नाही, भातच खावा लागेल." मी म्हटलं, भंडारा जिल्ह्यात राहून भाताला कोण नाही म्हणेल! प्रवेश परीक्षेचा अर्ज भरायचं ठरवलंय. काय होईल ते होवो. अनुताईंपेक्षा तर मी पंधरा वर्षांनी लहान आहे.

आता पुरुष सहकाऱ्यांविषयी. पत्रांत हा प्रश्न आडून आडून आला आहे. लहान गावात बस चुकली म्हणून कुणाच्या स्कूटरवर बसलं तर स्टँडपासून घरापर्यंत आपल्याआधी बातमी पोचते. माझा नियम साधा आहे : जे घरी सांगायला मला संकोच वाटणार नाही ते मी करते, आणि जे करते ते घरी सांगते. पुढे लोकांचं तोंड लोकांपाशी. चांगल्या पुरुष सहकाऱ्याशी मोकळेपणाने बोलायला भिऊ नका. कामातलं पुष्कळ त्यांच्याकडून शिकता येतं.

पण मोकळेपणा वेगळा आणि त्रास वेगळा. नको तो स्पर्श, नको त्या गोष्टी, एकटीला थांबवून घेणं, 'तासांचं मी पाहतो, तुम्ही जरा आमच्याकडे पाहा' अशी भाषा. हे मुकाट सोसायचं नसतं. राजस्थानातल्या एका साथिणीने बालविवाह रोखण्याचं आपलं काम केलं म्हणून १९९२ साली तिच्यावर अत्याचार झाला. त्या प्रकरणातून १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाची विशाखा मार्गदर्शक तत्त्वं आली आणि २०१३ साली कायदा झाला. दहा किंवा जास्त माणसं काम करत असतील तिथे अंतर्गत समिती हवीच, आणि तिची अध्यक्ष स्त्रीच हवी. त्याहून लहान जागा असेल, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याची स्थानिक समिती असते. तक्रार लेखी आणि तीन महिन्यांच्या आत द्यावी. सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने वाढवून देऊ शकते. आणि हे नीट लक्षात ठेवा : अर्धवेळ, हंगामी, रोजंदारी, अगदी बिनपगारी काम करणारीसुद्धा या कायद्यात येते. 'तुम्ही तर कायम नाही' हे उत्तर इथे चालत नाही.

राहता राहिली रोजची वागणूक. 'नाही' म्हणायला जमत नाही, असं पुष्कळ जणींनी लिहिलंय. मी म्हणते, नाही म्हणूच नका. 'हो' म्हणा, पण त्याला शेपूट जोडा.

जादा तास सांगितला, तर : "घेते सर. माझ्या नावावर तेवढा नोंदवून घ्या."

रविवारी बोलावलं, तर : "येते. बदली सुट्टी कोणत्या दिवशी घेऊ?"

पैसे पुढे ढकलले, तर : "चालेल. कोणत्या तारखेला येऊ?"

आवाज चढवायचा नाही, तोंड पाडायचं नाही. चहा घेता घेता म्हणायचं. पहिल्यांदा समोरचे चमकतील, दुसऱ्यांदा हसतील, तिसऱ्यांदा वही आपण होऊन पुढे करतील.

ज्या भगिनी मान्यताप्राप्त खाजगी शाळेत पूर्णवेळ आहेत, त्यांनी आणखी दोन गोष्टी पाहाव्या. १९८१ च्या नियमावलीप्रमाणे व्यवस्थापनाला सेवाज्येष्ठता यादी ठेवावी लागते. ती स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. नाव, रुजू झाल्याची तारीख, शिक्षण बरोबर लिहिलंय ना? मुख्याध्यापिकेच्या खुर्चीची वाट त्या यादीतून जाते. आणि बारा वर्षांनंतरची वरिष्ठ श्रेणी, चोवीस वर्षांनंतरची निवड श्रेणी नुसत्या वर्षं मोजून मिळत नाही, त्यासाठी प्रशिक्षण पूर्ण करावं लागतं. 'मुलांच्या परीक्षा आहेत' म्हणून ते पुढे ढकलत राहू नका.

आणि उरलेल्या आपण सगळ्या जणींनी एक फाईल करावी. साडीच्या घडीखाली नव्हे, वेगळी. तिच्यात नेमणुकीचा आदेश, रुजू झाल्याचा अहवाल, दर वर्षीचं वेळापत्रक, दिलेल्या प्रत्येक अर्जाची पोच घेतलेली प्रत, प्रशिक्षणाची प्रमाणपत्रं, आणि पैसे कधी किती मिळाले याची एक साधी वही. नेमणूक तोंडी असेल तर वर्षअखेर एक पान आपणच लिहावं : अमुक वर्ग, अमुक विषय, आठवड्याला इतके तास. वर मुख्याध्यापकांची सही घ्यावी. नवं वर्ष सुरू व्हायच्या आधी घ्यावी, तेव्हा सगळ्यांना आपली गरज असते!

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आता तुम्हीच द्याल. तीन तासांची असली तरी ती नोकरीच आहे, पण आपण तिला नोकरी म्हटल्याशिवाय दुसरं कुणी म्हणणार नाही. ताई म्हणा, भाऊ म्हणा, मावशींना घरचा चिवडा न्या. फक्त रोवणीच्या बाईसारखं बांधीत पाय टाकण्याआधी दोन शब्द बोलून घ्या.

जाता जाता : आपल्याकडच्या पावसाळ्यात कपाट ओलं होतं आणि कागदांना कसर लागते. फाईल भिंतीला टेकून ठेवू नका. कडुनिंबाची पानं सावलीत चांगली कडक वाळवून, पातळ सुती कापडाच्या पुरचुंडीत बांधून कागदांपाशी ठेवा. पानं सुटी टाकू नका, डाग पडतात. दर तीन-चार महिन्यांनी पुरचुंडी बदला आणि श्रावणात ऊन पडलं, की लोणच्याच्या बरणीबरोबर फाईललाही तासभर हवा द्या. मूळ दाखले कुणालाही हातात देऊ नका, झेरॉक्स द्या. अगदी घरचं माणूस असलं तरी!